दोन किलोचं नवं वजन

मुलींच्या शाळेत काटेकाकांकडे पहिल्यांदा कुणाचं नीट लक्ष गेलं ते प्रयोगशाळेतल्या तराजूपायी. दुसऱ्या दिवशी वरून तपासणी यायची होती. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "फक्त जरा पुसून द्या. चकचकीत दिसला की झालं."

काका हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. चष्मा नाकावर घेतला, टेबलावरची खडूची पेटी उचलून एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात वजनं घातली. काटा मधोमध थांबला.

"बघा," मुख्याध्यापक म्हणाले, "बरोबर आहे की."

काकांनी पेटी या पारड्यातून त्या पारड्यात नेली आणि वजनं तिच्या जागी आणली. काटा एका बाजूला कलला आणि तसाच कललेला राहिला.

"हा खोटा आहे. दांडीची एक बाजू केसभर लांब आहे."

विज्ञानाच्या बाई कसनुशा झाल्या. "म्हणजे सहा वर्षं मी मुलींना खोटं शिकवत होते?"

"तुम्ही नाही, बाई. काटा तुम्हाला शिकवत होता. तुम्ही पारडी बदलून पाहिली नाहीत, एवढंच."

त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, त्यावर 'वापरू नये' असं लिहिलं आणि तो दोऱ्यानं दांडीला बांधला. तपासणीला आलेल्या साहेबांना सबंध शाळेत सगळ्यात आधी दिसला तो पुठ्ठा. मुख्याध्यापक महिनाभर काकांचं नाव काढू देत नव्हते.

नाव म्हणजे तरी काय, काटेकाकाच. बाजारात वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून कुणीतरी ते ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांची बायको म्हणे, "ज्यानं हे नाव ठेवलं तो आमच्या घरी चार दिवस राहून गेला असणार."

त्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत शिरताना प्रत्येकाचं डोकं एकदा आपटायचं आणि काका दर वेळी, आपटून झाल्यावर, "सांभाळून" म्हणायचे. कानशी, शिसं वितळवायची पळी, आकडे उमटवायचे पोलादी ठसे. कोपऱ्यात लाकडी पेटीत मऊ कापडावर पितळी प्रमाणवजनं. त्यांना काकांनी उघडा हात कधी लावला नाही; घामानंही वजन वाढतं, असं त्यांचं म्हणणं. दुकानदारांची लोखंडी वजनं वर्षातून एकदा त्यांच्याकडे येत. वजनाच्या तळाला मुळातच एक खळगा असतो, वापरून होणारी झीज भरून काढायला. त्यात थोडं शिसं ओतायचं, प्रमाणाशी जुळवायचं आणि मऊ शिशावर आपली खूण आणि वर्षाचे आकडे ठोकायचे. बघणाऱ्याला सगळी वजनं सारखी. काकांना मात्र गावातलं प्रत्येक वजन ओळखता यायचं, जशी शिक्षकाला अक्षरावरून वही ओळखता येते.

माणूस जुन्या वळणाचा. देवाची भीती बाळगणारा आणि इतरांनीही ती बाळगावी, असा आग्रह धरणारा. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत एकदा कुणी गिटार आणली, तेव्हा काका पहिल्या कडव्यालाच टोपी उचलून बाहेर पडले आणि गाणं संपेपर्यंत उन्हात उभे राहिले. खरं ते खरं आणि खोटं ते खोटं, ते काळाप्रमाणे बदलतं, असं कुणी म्हणालं की काका विचारायचे, "किलो बदलला का?"

अशा माणसाला वकिलाचा तिटकारा असावा, यात नवल नव्हतं. वकील म्हणजे नगरसभेतला विरुद्ध पक्षाचा पुढारी. देवबिव सगळं थोतांड, असं तो भर सभेत सांगायचा. चर्चच्या मंडळीनं चालवलेलं अनाथ मुलींचं वसतिगृह त्यानं ठराव आणून, काही मतं फोडून बंद पाडलं. मुली चार ठिकाणी पांगल्या. वर तो म्हणाला, "या लोकांना दहा आज्ञा पाळता येत नाहीत, दहा पोरी काय पाळणार?" सभा हसली. त्या दिवसापासून वकील समोरून आला की काका रस्ता ओलांडून पलीकडे जात.

त्या रागात त्यांना सोबत होती मेहुण्याची. मेहुणा धान्याचा दुकानदार. अंगानं भक्कम, आणि आवाज असा की मंडळीच्या गायनात त्याचा खर्ज लागला की बाकं थरथरत. तो बायकोचा धाकटा भाऊ. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली आणि बहिणीनंच त्याला कडेवर वाढवलं. दुकान बंद केलं की तो जिन्याखाली येऊन बसायचा, चहा मागवायचा, आणि दोघं मिळून वकिलाला झोडपायचे.

एकदा काका शिसं ओतता ओतता म्हणाले, "त्याला जमिनीनं गिळला तर गाव सुटेल."

मेहुणा म्हणाला, "जमीन आपण होऊन कशाला गिळेल, दाजी?"

दोघं हसले. काका क्वचित हसत. त्या दिवशी हसले.

पुढच्या महिन्यात, एका बुधवारी दुपारी, वकील धान्यबाजारामागच्या बोळात पडलेला सापडला. बाजारात त्याच्या पक्षाची सभा नुकती संपली होती, थोडी धक्काबुक्कीही झाली होती. डोक्यात कसल्या तरी जड लोखंडाचा एकच घाव. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. पोलिसांनी बोळ उलटापालटा केला, पण काही मिळालं नाही. त्याचा पक्ष म्हणाला, देवभक्तांनी मारलं. दुसरा पक्ष म्हणाला, त्यांच्याच भांडणात मेला.

रविवारी पाळकांनी गावातल्या शांततेसाठी प्रार्थना केली. मेलेल्याचं नाव घेतलं नाही. उपासनेनंतर अंगणात चहा असे. तिथं गायनमंडळाची पेटीवाली बाई म्हणाली, "देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही." छपाईवाला म्हणाला, "करावं तसं भरावं." कुणी मान हलवली, कुणी बिस्किट घेतलं.

काका कपबशी धरून उभे होते. त्यांनाही बरं वाटलं होतं, ही गोष्ट त्यांना गिळता येत नव्हती. बुधवारपासून त्यांना गाढ झोप लागत होती. शेवटी हाताला सवय होती तेच त्यांनी केलं.

"समजा," ते म्हणाले, "त्या बोळात आपले पाळक पडले असते. आणि वकिलाची माणसं अशीच चहा पीत उभी असती. आपण त्यांना काय म्हणालो असतो?"

"ते वेगळं, काका," छपाईवाला म्हणाला.

"काय वेगळं?"

"पाळक सज्जन. तो नीच होता."

"नीच होता, कबूल. पण मी मेलेल्याचं विचारत नाही, मारणाऱ्याचं विचारतोय. सहावी आज्ञा तीन शब्दांची आहे: खून करू नको. तिच्यात 'पण' कुठं आहे ते दाखव."

"म्हणजे तुम्ही आता त्याची बाजू घेणार?" पेटीवाल्या बाईंनी आवाज चढवला. "त्या पोरींच्या डोळ्यांतलं पाणी विसरलात?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. मी पारडी बदलतोय."

"आपला तो बाब्या, हे जगात सगळीकडेच असतं हो," छपाईवाला म्हणाला. "तुम्ही एकटे निघालात कार्ट्याला कडेवर घ्यायला."

एवढ्यावर सगळे हसले. मेहुणा हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि तो लवकर घरी गेला.

वार्षिक तपासणीचे दिवस आले. बाजारातली माणसं पिशव्या भरभरून वजनं आणू लागली. मेहुणा आला तो भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना. डोकं आपटलं. "सांभाळून," काका म्हणाले. त्यानं सहा वजनं टेबलावर मांडली. पाच ओळखीची होती. दोन किलोचं वजन नवं होतं. त्याला माती चोळलेली, मुद्दाम चोळावी तशी.

"हे नवं आहे," काका म्हणाले.

"हो. जुनं हरवलं. दाजी, एक काम करा. याच्यावर गेल्या वर्षाची खूण ठोका आणि वर यंदाची. संच पुरा दिसेल."

काकांनी चष्मा काढला. नव्या वजनावर यंदाची खूण ठोकायला काहीच अडचण नव्हती. बाजारात वजनं फुटतात, चोरीला जातात, नवी येतात. कुणी का म्हणून विचारत नाही. गेल्या वर्षाची खूण कुणीच मागत नाही. ती मागतो तो एकच माणूस: हे वजन मधल्या काळात इथंच होतं असं ज्याला दाखवायचं आहे तो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

"दोन किलोचं लोखंड हरवायला ती काय सुई आहे?"

"हरवलं म्हणजे हरवलं."

"कधी?"

मेहुणा टेबलावरची वजनं उगाच सरळ करू लागला. काकांना ते जुनं वजन डोळ्यांपुढे दिसत होतं. गेल्या वर्षी त्यावर खूण ठोकताना हातोडी निसटली होती आणि शेवटचा आकडा तिरका बसला होता. त्यांना लाज वाटली होती. पुन्हा ओतून देतो म्हणाले, तर मेहुणाच म्हणाला होता, राहू द्या, तिरका तर तिरका.

"बुधवारी?" काकांनी विचारलं.

शेजारच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"मी बोलायला गेलो होतो," मेहुणा म्हणाला. "वजन हातात तसंच राहिलं होतं, गिऱ्हाईक सोडून गेलो म्हणून. त्याला म्हणालो, त्या मुलींचं काय केलंस. तर तो हसला, दाजी."

"हसला."

"हसला. आणि तुम्हीच म्हणाला होता, जमिनीनं गिळला तर बरं."

काकांच्या हातातला ठसा खाली पडला. ते वाकले, पण त्यांना तो लगेच सापडला नाही. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते माझं पाप. त्याचा जाब देव मला विचारेल तेव्हा मी देईन. पण ते माझं पारडं. तुझ्या पारड्यातलं त्यानं एक गुंजही कमी होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारपर्यंत तू आपल्या पायांनी पोलिसांत जा. मी बरोबर येतो. नाही गेलास तर सोमवारी मी जाईन."

मेहुण्यानं पाच वजनं पिशवीत भरली. सहावं तिथंच राहिलं. दाराशी पुन्हा डोकं आपटलं. या वेळी काका काही म्हणाले नाहीत.

मेहुणा पोलिसांत गेला नाही. तो पाळकांकडे गेला. शनिवारी सकाळी पाळक, छपाईवाला आणि पेटीवाल्या बाई काकांच्या घरी आले. बाहेरच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. काका उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दारात काकू, हातात भाजी निवडायचं ताट घेऊन.

पाळक मवाळ माणूस. ते म्हणाले, "त्याला पश्चात्ताप झाला आहे. माझ्यापुढे रडला. देवानं क्षमा केली असेल तर आपण कोण?"

"देवानं केली असेल तर आनंद आहे. पण पश्चात्ताप झालेला माणूस गेल्या वर्षाची खूण मागत नाही."

"उद्या वर्तमानपत्रं लिहितील," छपाईवाला म्हणाला, "ही मंडळी म्हणजे खुन्यांची टोळी. त्यांच्या हातात आयतं कोलीत. निवडणूक तोंडावर आहे, काका. ते आले तर आपली शाळासुद्धा राहणार नाही."

"मग शाळेत काय शिकवणार आहात तुम्ही? सहावीच्या जागी थेट सातवी?"

"काट्यानं काटा निघाला, संपलं," पेटीवाल्या बाई म्हणाल्या. "तो माणूस विश्वासाचा वैरी होता. लढाईत असं होतं."

"लढाईत समोरच्याच्याही हातात काहीतरी असतं. याच्या हातात सभेचे कागद होते." काका थांबले. "बाई, मला तो माणूस तुमच्यापेक्षा जास्त नावडता होता. तो बोलला त्यातलं एक अक्षर मला मान्य नाही. पण त्याला ज्यानं घडवलं त्यानंच मला घडवलं. ते तो मानत नव्हता, मी मानतो. मीही मानलं नाही, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला?"

"बोलायला सोपं आहे," बाई उठल्या. "स्वतःचं रक्त नाही ना."

काकू दारातून म्हणाल्या, "माझं आहे."

पाळकांनी छोटी प्रार्थना करू या का, असं विचारलं. कुणीच हो म्हटलं नाही. तिघं निघून गेले.

काकूंनी ताट खाली ठेवलं. "अहो, तो या हातांवर वाढलाय."

"माहीत आहे."

"त्याला ताप आला की माझ्याशिवाय कुणाच्या हातून पाणी प्यायचा नाही."

"माहीत आहे गं."

"तुम्हाला सगळंच माहीत असतं." काकू शांतपणे बोलत होत्या आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुम्ही खोटं बोला असं मी सांगणार नाही. चाळीस वर्षं तुमच्याबरोबर उपासनेला बसले, तेवढं मलाही कळतं. पण बरोबर आहे, असंही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. सोमवारी जाल तेव्हा मागच्या दारानं जा. मला तुमची पाठ बघायची नाही."

रविवार आला. उपासनेत मेहुणा नेहमीच्या जागी उभा राहिला आणि गायला. आवाज तसाच होता. काकांना त्या दिवशी एकही ओळ म्हणता आली नाही.

सोमवारी ते मागच्या दारानं निघाले. बरोबर ते नवं वजन, कापडात गुंडाळलेलं. ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" काकांनी दोनदा सांगितलं, "मेहुणा."

आठवड्याभरात जुनं वजन कालव्यात सापडलं. कोर्टात ते काकांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी उलटं करून शिशावरचा तिरका आकडा दाखवला. मेहुण्याच्या वकिलानं विचारलं, "मयताबद्दल तुमचं मत काय होतं?"

"वाईट."

"तो मरावा असं तुम्ही म्हणाला होता?"

"म्हणालो होतो."

"मग आज त्याच्यासाठी तुम्ही इथं उभे आहात?"

"त्याच्यासाठी नाही," काका म्हणाले. "मला विचारलं हे वजन कुणाचं, मी सांगितलं."

शिक्षा झाली. दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगानं 'यहूदा' लिहिलं, येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं नाव. काका सकाळी येऊन ते वाचत उभे राहिले. टायरवाला म्हणाला, "पुसायला तेल देऊ का, काका?" काका म्हणाले, "दे. आणि लिहिणारा भेटला तर त्याला सांग, यहूदानं धरून दिला तो निरपराध होता. आधी धडा नीट वाच, मग भिंती रंगव."

मंडळीतली माणसं वजनं पलीकडच्या गावी नेऊ लागली. चहाच्या वेळी काकांभोवती दोन हात जागा मोकळी राहायची. काका तरी येत राहिले. गिटार परत आली होती. आता ते उठून बाहेर जात नसत, शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसून राहत.

मग एक दिवस वकिलाच्या पक्षाची चार माणसं जिन्याखाली आली. पाळीपाळीनं डोकी आपटली. पुढारी म्हणाला, "काका, तुम्ही धर्मांधांना चपराक दिलीत. आमच्या व्यासपीठावर या. वकीलसाहेबांच्या स्मृतिसभेत चार शब्द बोला."

"कसले शब्द?"

"हेच. खरं ते."

"खरं चालेल तुम्हाला?" काकांनी चष्मा वर केला. "तुमचे वकील त्या मुलींबद्दल जे बोलले ते नीच होतं. मेले म्हणून ते खरं होत नाही. आणि वसतिगृह रिकामं करताना तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा हात मोडला, तो तुमच्यातल्या कुणी मोडला ते सबंध गावाला माहीत आहे. त्या वेळी तुम्ही काय म्हणाला होता? लोकांचा उद्रेक. मग हाही उद्रेकच म्हणा. नाही म्हणायचा? तर तोही गुन्हाच होता, असं आधी त्या व्यासपीठावरून सांगा. मग मी येतो."

पुढारी लाल झाला. "तुम्ही नक्की कुणाचे आहात हो?"

"काटे दुरुस्त करतो मी," काका म्हणाले. "काही दुरुस्त करायचं असेल तर ठेवून जा."

ती माणसं पुन्हा आली नाहीत. अशा रीतीनं, दोन्हीकडून शिव्या खाऊन, काका गावात राहिले. काम थोडं उरलं. मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मात्र दर वर्षी प्रयोगशाळेचा तराजू घेऊन स्वतः येतात. त्याची दांडी काकांनी कधीच सरळ करून दिली आहे, तरी बाई येतात, दाराशी वाकून डोकं वाचवतात आणि म्हणतात, "एकदा पारडी बदलून बघा हो." काका बघतात.

घरी काकू बोलतात. भाजीचं, पाण्याचं, दुखऱ्या गुडघ्याचं बोलतात. भावाचा विषय निघत नाही. पण महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी मागच्या दाराशी इस्त्री केलेल्या कपड्यांची एक घडी ठेवलेली असते. काका ती पिशवीत घालतात आणि तुरुंगाकडे जाणारी बस धरतात. पहारेकरी पिशवी आत नेतो आणि परत येऊन सांगतो की तो भेटायला येत नाही म्हणतोय. काका भेटीच्या खोलीत वेळ संपेपर्यंत, म्हणजे तासभर, बाकावर बसतात आणि दीडच्या बसनं परत येतात. याला आता नऊ वर्षं होत आली.